आधी बाग, मग घर

"काहीतरी लिहा, पण सोसायटीचा अहवाल नको," असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मला हायसे वाटले. अहवाल लिहिण्यातच नोकरीची बत्तीस वर्षे गेली. शिवाय रौप्यमहोत्सवाचा अहवाल म्हटला की त्यात सगळ्यांचे आभारच येतात, चुका येत नाहीत. म्हणून इतिहासातली एक गोष्ट सांगतो. ती इंग्लंडमध्ये सुरू होते, दिल्लीला येते आणि शेवटी आपल्या बी विंगच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी येऊन थांबते. धीर धरावा.

बँकेत असताना काही वर्षे मी गृहकर्जाच्या टेबलावर होतो. त्या फाइलमध्ये सात-बाराचा उतारा, एन.ए.ची ऑर्डर, सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा, आर्किटेक्टचे एस्टिमेट असे सगळे असायचे. एस्टिमेटमध्ये खोदाई, पाया, जोते, स्लॅब, गिलावा, फरशी, रंग आणि सर्वांत शेवटी 'कंपाउंड वॉल व गेट'. त्याखाली बेरीज. शेकडो फाइली डोळ्यांखालून गेल्या असतील, पण एकाही एस्टिमेटमध्ये झाडाचे नाव वाचल्याचे मला आठवत नाही. आणि मीही ते कधी विचारले नाही. घर आर्किटेक्टने काढायचे आणि बाग ही पैसे उरले तर माळीबुवांना बोलावून करून घ्यायची, असा आपला सर्वांचा हिशेब.

हा हिशेब काही आपलाच नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये यावरून मोठे भांडण झाले होते. रेल्वे झाल्यामुळे लंडनपासून तास-दोन तासांवर जमीन घेऊन टुमदार घर बांधायची हौस तेव्हा उद्योग-व्यापारात पैसा मिळवलेल्या लोकांना लागली होती. घरासाठी आर्किटेक्ट लागतो हे ठरलेले. पण भोवतालची बाग कोणी आखायची? रेजिनाल्ड ब्लॉमफिल्ड नावाच्या आर्किटेक्टने १८९२ मध्ये पुस्तक लिहून सांगितले की बाग हा घराचाच विस्तार आहे, तेव्हा पायऱ्या, भिंती, वाटा, कुंड हे सगळे घर आखणाऱ्यानेच आखावे. विल्यम रॉबिन्सन हा मूळचा आयर्लंडचा माळी, पुढे नामांकित लेखक आणि संपादक झालेला. त्याने त्याच वर्षी उलट पुस्तक काढले. ज्यांना रोप कसे वाढते हे ठाऊक नाही त्यांनी पट्टी-गुण्या घेऊन बागेत शिरू नये, असा त्याचा रोख. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणूनच भांडण मिटेना. बिचारा मालक मात्र मधल्या मध्ये!

या भांडणाचे उत्तर पुस्तकातून आले नाही, एका चहाच्या टेबलावरून आले. १८८९ च्या मे महिन्यात सरे परगण्यात, ऱ्होडोडेन्ड्रॉनची झाडे वाढवणाऱ्या एका गृहस्थाकडे दोन पाहुणे जमले होते. एक एडविन ल्युटेन्स, वय वर्षे वीस. तेरा भावंडांतला हा मुलगा लहानपणी आजारी असे, त्यामुळे त्याची शाळा धड झाली नाही. सुताराच्या दुकानात आणि बांधकामांवर रेंगाळत तो शिकला. काचेचा तुकडा समोर धरायचा आणि त्यातून दिसणारे जुने घर साबणाच्या टोकदार वडीने काचेवर उतरवायचे, असा त्याचा अभ्यास. पुढे थोडे कलाशाळेत, थोडे एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात उमेदवारी करून त्याने नुकताच स्वतःचा व्यवसाय मांडला होता.

दुसऱ्या पाहुण्या गर्ट्रूड जेकिल, वय पंचेचाळीस, अविवाहित. (आडनावाचा उच्चार खरा 'जीकल' असा होतो, पण आपण 'डॉ. जेकिल आणि मि. हाइड'मुळे सरावलो आहोत तोच ठेवू.) या बाई चित्रकला शिकलेल्या होत्या. भरतकाम, लाकूडकाम, चांदीकाम असे हाताला लागेल ते करायच्या. मात्र दृष्टी अधू होती आणि दिवसेंदिवस अधिकच अधू होत चालली होती. दोन वर्षांनी जर्मनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना चित्रे आणि भरतकाम सोडायला सांगितले. बारीक काम संपले, उरली ती बाग.

त्या दिवशी बाई ल्युटेन्सशी फारसे बोलल्याच नाहीत. निघताना घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवून त्यांनी एवढेच सांगितले की पुढच्या शनिवारी आमच्याकडे या. तो गेला. त्यानंतर कितीतरी दिवस हे दोघे त्या छोट्या घोडागाडीतून सरे आणि ससेक्सची खेडी हिंडत राहिले. जुनी शेतकऱ्यांची घरे, त्यांचे छपरांचे उतार, ओकच्या तुळया, दगडी कुंपणे, अंगणातली फुले पाहत. दोघांच्या वयात पंचवीस वर्षांचे अंतर, आत्या-भाच्यासारखे. त्यानेही त्यांना 'बम्प्स' असे थट्टेचे नाव ठेवले होते. एका रुपयाचेही काम हातात नसताना दोघांनी आधी डोळे एकत्र तयार केले, हे मला फार मोलाचे वाटते.

आता जेकिलबाईंची जमीन. आईच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, मन्स्टेड येथे त्यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे पंधरा एकर जागा घेतली. पाइनची झाडे तोडून नेलेली, रेताड, निकस जमीन. तिथे त्यांनी पहिल्यांदा घर बांधले नाही. बाग लावायला घेतली. तोडलेल्या जंगलात आपोआप उगवणारी रोपे पाहून कुठे बर्च राखायचे, कुठे ओक, कुठून पायवाट न्यायची हे एकेक ठरवत गेल्या. मध्ये घरासाठी जागा मोकळी ठेवली. दहा-बारा वर्षे ती तशीच मोकळी होती! त्या आईकडे राहत होत्या म्हणून हे परवडले, हे खरे. पण दहा-बारा पावसाळे आणि तितकेच हिवाळे पाहिलेल्या माणसाला ऊन कुठून येते, पाणी कुठे साचते आणि वारा कुठे बोचतो हे सांगायला सल्लागार लागत नाही.

मग ल्युटेन्सला काम दिले. १८९४-९५ मध्ये आधी एक छोटी झोपडीवजा कॉटेज झाली. त्यात राहून बाईंनी १८९६-९७ मध्ये मोठे घर बांधून घेतले. दगड त्याच भागातला, ओक जवळपासचा, गवंडी-सुतारही तिथलेच. कॉटेजमधून त्यांना बांधकामाचे आवाज ऐकू येत. थापीचा कुठला आवाज, दगड घडवण्याचा कुठला, हे त्यांना न बघता ओळखता येऊ लागले. दोघांचे सगळे गोडीगुलाबीने चालले असे समजू नका. चांगले खटके उडाले. हे घर मला राहण्यासाठी हवे आहे, वास्तुशास्त्राचे प्रदर्शन म्हणून नको, अशा अर्थाचे बाईंनी त्याला एकदा सुनावले. आणि त्याचे कौतुकही त्यांनीच आपल्या पुस्तकात लिहून ठेवले, की याला या भागातली बांधायची रीत पुरती ठाऊक आहे. खटके उडाले ते कागदावर रेषा असताना. भिंती उभ्या राहिल्यानंतर नाही.

हे घर लोकांनी पाहिले आणि जोडीला कामे येऊ लागली. 'कंट्री लाइफ' या साप्ताहिकाचा मालक एडवर्ड हडसन हा बाईंच्या ओळखीचा. त्याने १८९९ मध्ये टेम्स नदीकाठी सॉनिंग गावात जागा घेतली. जुनी विटांची भिंत आणि आत जुनी फळबाग. आता कोणीही आर्किटेक्ट काय करील? प्लॉटच्या मधोमध झाडे काढून घर उभे करील. या दोघांनी घर सरकवले आणि रस्त्याकडेच्या जुन्या भिंतीलगत नेले. दरवाजातून शिरले की घरातून सरळ बागेपर्यंत नजर जाते. फळबाग वाचली, आणि घर नवे असूनही पहिल्या दिवसापासून जुने दिसू लागले. 'डीनरी गार्डन' नावाने ते आजही प्रसिद्ध आहे. थोडक्यात, घराची जागा झाडांनी ठरवली.

यांची कामाची वाटणी साधी होती. भिंती, पायऱ्या, वाटा, पाण्याचे पाट आणि कुंडे यांची काटेकोर भूमिती ल्युटेन्सची. त्या भूमितीवर काय उगवायचे, ते कधी फुलायचे आणि कधी मावळायचे, हे बाईंचे. कोणता दगड ऊन धरतो, कोणत्या सांध्यात रोप रुजेल हे दोघे मिळून पाहत. बाईंच्या स्वतःच्या बागेत सुमारे दोनशे फूट लांब आणि चौदा फूट रुंद असा फुलांचा पट्टा होता. दोन्ही टोकांना राखाडी, निळे, फिके रंग आणि मध्ये येता येता पिवळा, नारिंगी, भडक लाल. एक फूल संपले की शेजारचे त्याची उघडी पडलेली जागा झाकील, अशी लांबट लागवड. अधू डोळ्यांना पाकळ्या दिसत नव्हत्या, पण रंगांचे पट्टे दिसत होते. चित्र सुटले नव्हते, फक्त कॅनव्हास बदलला होता.

पुढे वय झाले आणि दिसेनासे झाले, तशा बाई प्रवास टाळू लागल्या. नकाशे आणि फोटो मागवून घरबसल्या आराखडे काढायच्या. आयुष्यात सुमारे ४०० बागांना त्यांचा हात लागला. त्यांतल्या शंभराच्या आसपास ल्युटेन्सबरोबरच्या. आमच्यासारख्या कागद जपणाऱ्या माणसांना आवडेल अशी एक हकीकत त्यांतल्या हेस्टरकूम या बागेची आहे. घर जुने होते, बाग या दोघांनी १९०४ ते १९०८ मध्ये केली. पुढे त्या वास्तूत परगण्याच्या अग्निशमन दलाचे मुख्यालय आले आणि बागेची रया गेली. १९७०च्या दशकात बाग पुन्हा उभी करायचे ठरले तेव्हा माळ्याच्या कुंड्या ठेवायच्या खोलीत बाईंचे लागवडीचे मूळ आराखडे सापडले. कुठे कोणते रोप, किती, सगळे लिहिलेले. त्याबरहुकूम बाग पुन्हा लावली गेली. कागद होता म्हणून बाग परत आली.

ल्युटेन्स हे नाव आपल्याला परके नाही. डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा झाली आणि नव्या शहराच्या आखणीचे काम ल्युटेन्सकडे आले. व्हाइसरॉयचा वाडा, म्हणजे आजचे राष्ट्रपती भवन, त्याने करायचे. काम अवाढव्य, म्हणून जोडीला हर्बर्ट बेकर आला. त्याच्याकडे सचिवालयाच्या दोन इमारती. हे दोघे तरुणपणी एकाच ऑफिसात उमेदवारी केलेले, जुने मित्र. कागदावर याच्याइतकी उत्तम निवड नाही.

पण इथेच घोटाळा झाला. रायसीना टेकडीवर वाडा एकटाच उंचावर असावा हा मूळ विचार. सचिवालयेही त्याच उंचीवर हवीत, असा बेकरचा आग्रह. ल्युटेन्सने मान्य केले. वाडा मागे सरकला आणि दोन सचिवालयांच्या मधून वर चढणारा रस्ता ठरला. त्याचा चढ साडेबावीस फुटांना एक फूट. १९१३ मध्ये ल्युटेन्सने त्यावर सही केली. १९१६ मध्ये, काम चालू असताना, त्याच्या ध्यानात आले की खालच्या चौकात, म्हणजे आजच्या विजय चौकात उभे राहिले की त्या चढामुळे वाडा चक्क बुडतो आणि घुमट तेवढा वर दिसतो. त्याने चढ कमी करा म्हणून आकाशपाताळ एक केले. सरकारने खर्चाकडे बोट दाखवले. 'वॉटर्लू'च्या चालीवर 'बेकरलू' असा कडवट विनोद करून तो गप्प बसला. जुन्या मित्रांचे अनेक वर्षे धड बोलणे नव्हते. दिल्लीला गेलात तर कर्तव्य पथावरून रायसीनाकडे चालत जाऊन बघा, वाडा आजही बुडतो.

बँकेतल्या माणसाला यातले मर्म लगेच कळते. सही करण्यापूर्वी कागद वाचावा. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन नामांकित माणसे नेमली म्हणजे ती एकत्र काम करतात असे नाही. मन्स्टेडला दोघांनी जमिनीवर उभे राहून वाद घातला, म्हणून तो वाद स्वस्तात मिटला. दिल्लीत कागदावर एकमत झाले, आणि ते महागात पडले.

त्याच वाड्याच्या मागच्या अंगाला मात्र वेगळे घडले. व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या पत्नीला काश्मीरमधल्या मोगल बागा आवडत, आणि तशी बाग इथे व्हावी ही त्यांची इच्छा. त्या स्वतः १९१४ मध्ये वारल्या, पण कल्पना राहिली. ल्युटेन्सने १९१७ पर्यंत आराखडा पक्का केला, त्यात पाण्याचे एकमेकांना छेदणारे पाट आणि कारंजी. लागवड झाली १९२८-२९ मध्ये. ती करणारे होते उद्यान विभागाचे संचालक विल्यम मस्टो. इंग्लंडमध्ये जे जेकिलबाईंचे काम होते ते दिल्लीच्या उन्हात आणि मातीत मस्टोंनी केले. पंधरा एकरांची ही बाग आपण मोगल गार्डन म्हणून ओळखत आलो. २०२३ पासून तिचे नाव अमृत उद्यान आहे. समोरचा चढ चुकला तो चुकलाच, पण मागची बाग पाहायला दर वर्षी माणसांची रीघ लागते.

जेकिलबाई १९३२ मध्ये वारल्या. त्यांची समाधी ल्युटेन्सनेच आखली. त्यावर त्यांची ओळख तीन शब्दांत आहे : कलावंत, माळी, कारागीर. मन्स्टेडचे ते घर आणि बाग २०२३ मध्ये इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने घेतली.

आता बी विंगच्या मागे येऊ. नव्या सभासदांना ठाऊक नसेल, पण आपला प्लॉट घेतला तेव्हा त्यावर दोन कडुनिंब आणि एक आंबा होता. आंबा जुना, बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. १९९८ साली प्रवर्तक समितीत मी खजिनदार होतो. आपल्या आर्किटेक्टनी प्रामाणिकपणे काम केले, इमारत आजही ठणठणीत आहे. त्या वेळी एका सभासदाने सुचवले होते की बागेची जाण असलेला कोणी तज्ज्ञ आधीच नेमावा, म्हणजे झाडे, पाणी आणि इमारत यांचा एकत्र विचार होईल. फी होती १८,००० रुपये. एस्टिमेट आधीच वर गेले होते. मी टिपण लिहिले : 'सदर खर्च तूर्त अनावश्यक, बागेचा विचार ताबा मिळाल्यानंतर करावा.' समितीने ते एकमताने मान्य केले. हस्ताक्षर माझे आहे, फाइलमध्ये आजही आहे.

भूमिगत पाण्याची टाकी नकाशात जिथे दाखवली होती तिथे आंबा होता. महापालिकेची परवानगी रीतसर घेतली, बदली झाडे लावल्याची नोंद रीतसर केली आणि आंबा तोडला. टाकी दहा-बारा फूट पूर्वेला सरकली असती तरी चालले असते, हे पुढे प्लंबरनेच सांगितले. तेव्हा ते कोणी विचारले नाही, कारण टेबलावर झाडाच्या बाजूने बोलणारा माणूसच नव्हता. त्याला मीच बोलावू दिले नव्हते. आणि 'गार्डन' म्हणून नकाशात हिरवा रंग भरलेली पट्टी आली इमारतीच्या उत्तरेला, जिथे थंडीत सूर्य दिसत नाही. तिथे तीनदा हिरवळ लावली, तीनदा ती गेली. त्याचा खर्च मी परवा जुन्या ताळेबंदांतून काढला. १८,००० केव्हाच मागे पडले आहेत. आंब्याची किंमत त्यात धरलेली नाही. ती कशी धरायची मला माहीत नाही.

आपल्या आजी-आजोबांच्या वाड्यात आर्किटेक्ट नव्हता, पण चौकातले तुळशीवृंदावन, न्हाणीघराचे पाणी जिथे जाई तिथली केळ-अळू, परसातला आड, हे सगळे घराबरोबरच ठरायचे. ती जाण सगळ्यांकडे थोडी थोडी होती. आता ती वेगवेगळ्या व्यवसायांत वाटली गेली आहे, म्हणून त्या माणसांना मुद्दाम एकत्र बसवावे लागते. एवढाच फरक.

पुनर्विकासाचा विषय अजून अजेंड्यावर नाही, पण जिन्यात रोज चालू आहे. आज ना उद्या तो सभेत येईलच. तेव्हा जी समिती असेल तिला या म्हाताऱ्या खजिनदाराचे सांगणे एवढेच : इमारत आखणारा आणि बाग आखणारा एकाच दिवशी निवडा, पहिल्या रेषेच्या आधी. दोघांना प्लॉटवर एकदा मे महिन्यात दुपारी आणि एकदा जुलैत भर पावसात उभे करा. त्यांनी मिळून केलेले जुने काम पाहायला जा, पण उद्घाटनाच्या फोटोतले नव्हे. पाच पावसाळे झालेले. ते आपल्यासमोर भांडले तर घाबरू नका. एकमेकांच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावू लागले तर मात्र जरा सावध राहा. आणि आपल्याला काय हवे, ज्येष्ठांना सावलीतला बाक की मुलांना मैदान, हे जेकिलबाईंसारखे स्वतः ठरवून मगच त्यांच्याकडे जा.

दोन कडुनिंब अजून उभे आहेत. गेल्या दिवाळीत मी आणि सी विंगमधल्या दोन मुलांनी मिळून टेपने मापे घेतली आणि एक नकाशा केला. प्रत्येक झाड कुठे, त्याचा घेर किती, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी कुठून, पावसात पाणी कुठे साचते, डिसेंबरात ऊन कुठपर्यंत येते. तो सोसायटी ऑफिसच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात, निळ्या फाइलमध्ये ठेवला आहे. वेळ येईल तेव्हा कोणीतरी तो खण उघडावा.